न भाजलेली माती

पेलिकन बेंड, ४ ऑगस्ट

टॅनिका,

हे माफीचं पत्र नाही, तेव्हा उगाच आशेने उघडू नकोस. तू फोन उचलत नाहीस. आधी निदान वाजायचा, आता एक बाई सांगते की हा नंबर अस्तित्वात नाही. पत्ता तुझ्या आईकडे होता. द्यायला तिने खळखळ केली, पण मी तुझी नॅन नंतर, तिची आई आधी.

माझं अक्षर लागलं नाही तर दोनदा वाच. मिशनच्या शाळेत आम्हाला प्रार्थना शिकवली आणि सही शिकवली. बाकीची अक्षरं मी पिठाच्या पोत्यांवरून उचलली. काही शब्दांना पोत्याचा वास येईल, चालवून घे.

कळवायचं ते एवढंच की तुझी भिंत जाणार आहे. लोकरीच्या जुन्या गोदामाची, पोलीस ठाण्यासमोरची. जिथे तू तुझ्या मामाचं तोंड काढलंस आणि जिथे मी ते झाकलं, ती. कौन्सिलने टुरिस्टांसाठी रस्ताभर चित्रं काढायचं ठरवलंय. बेकरीवर मेंढ्या, पोस्टावर उंट, आणि तुझ्या भिंतीवर वाफेची बोट आणि पेलिकन. ॲडलेडहून कोणी चित्रकार बाई येणार आहे. कौन्सिलच्या ट्रेवरने दुकानाच्या दाराला कागद लावलाय. तोच ट्रेवर, ज्याच्या खिशात कायम पेन गळलेलं असतं. कागदावर लिहिलंय की ही भिंत "सध्या वापरात नाही".

पर्ल ते वाचून मला म्हणाली, "व्हर्ना, एक दिवस तुझ्या पाठीवरही हेच चिकटवतील." माझी बहीण कशी आहे ते तुला माहीत आहे. डॉक्टरांनी कमरेचं हाड नवीन बसवलं, जीभ जुनीच राहू दिली.

बोट म्हणे. बार्का नदीत घोट्याएवढं पाणी नाही. वरच्या डोहात थोडं हिरवं साचलंय, बाकी भेगाळलेला चिखल आणि त्यात माशांचे काटे. पेलिकन केव्हाच उडून गेले, त्यांना आपल्यापेक्षा अक्कल जास्त. प्यायचं पाणी ट्रकने येतं, खोक्यांतून. अशा गावात भिंतीवर बोट काढायची हे सुचायला माणूस कौन्सिलचाच लागतो.

सप्टेंबरच्या आधी काम सुरू होणार नाही म्हणतात. तुला माहीत असावं म्हणून लिहिलं. चित्र तुझं होतं.

थंडी सरत आलीय. कुत्री म्हातारी झालीय. तुझ्या खाटेवर झोपते. मी हाकलत नाही, कारण वाकायचा कंटाळा येतो.

नॅन


पेलिकन बेंड, १६ ऑगस्ट

टॅनिका,

उत्तर नाही. बरं. पत्र परत आलं नाही म्हणजे कोणीतरी घेतलंय, एवढं पोस्टातली बाई म्हणाली.

ट्रेवर घरी येऊन गेला. केक घेऊन आला होता, विकतचा, वर पिवळी साय. तो आणि मी आणि पर्ल पडवीत बसलो. पर्ल येणार नव्हती, पण केक तिला तिच्या घरून दिसला.

"आंटी व्हर्ना," ट्रेवर म्हणाला, "तेव्हा तुम्ही केवढा समजूतदारपणा दाखवलात ते गाव विसरलेलं नाही. म्हणून आम्हाला वाटतं, नव्या चित्राच्या उद्घाटनाला फीत तुम्हीच कापावी."

"कसली समजूत दाखवली मी?"

"म्हणजे, ते चित्र तुम्ही स्वतःच झाकलंत ना. घरच्यांचीच इच्छा होती."

"झाकलं. पुसलं नाही."

"हो हो, तेच म्हणतोय मी."

"तू तेच म्हणत नाहीयेस."

त्याने मला केकचा आणखी एक तुकडा वाढला. घाबरला की तो वाढत सुटतो. पर्लने विचारलं, "ट्रेवर, त्या बोटीवर आम्हा काळ्यांपैकी कोणी दिसणार आहे का रे? की नुसती लोकरच?" त्याने गंभीरपणे ते वहीत लिहून घेतलं. फीत कापायचं मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. कात्री त्यांचीच असेल का, एवढं विचारलं.

तो गेल्यावर मला राहवलं नाही, म्हणून आता तुला सांगते. एकदाच सांगेन.

त्या दिवशी तू काय पाहिलंस ते मला ठाऊक आहे. मामाला पुरून महिना झाला नव्हता. मी नदीकाठी पर्लच्या घरी बसले होते, आपल्या बायका बसतात तशी, दार लावून. आणि तू मेलबर्नहून आणलेले रंग घेऊन, पिवळं जाकीट घालून गोदामावर चढलीस. पिवळं जाकीट घातलेल्याला या देशात कोणी हटकत नाही. पोलिसांनासुद्धा वाटलं कौन्सिलचं काम चाललंय. एकाने तुला सकाळी कॉफी दिली म्हणे. मग मी पीठ आणायला म्हणून बाहेर पडले, वळणावर आले, आणि समोर माझा मुलगा. दुमजली उंच. डोळे उघडे, रस्त्यापलीकडे ठाण्याच्या दाराकडे लावलेले. खाली तुझी अक्षरं: मी आत चालत गेलो होतो.

चांगलं होतं. हे तेव्हा म्हणायला हवं होतं की नव्हतं ते मी ठरवत नाही, पण चांगलं होतं. नाकाजवळचा तो व्रण, लहानपणी तारेच्या कुंपणातून पळताना लागलेला, तोसुद्धा तू सोडला नव्हतास. ठाण्यात बोलावलं म्हणून स्वतःच्या पायांनी गेलेला माणूस, आणि सकाळी त्याला चादरीत घालून बाहेर आणलं. तुझं खरं होतं. पोरी, तुझं सगळं खरं होतं. पण तू मला विचारलं नाहीस.

गेलेल्याचं नाव आपण घेत नाही. फोटो भिंतीकडे वळवून ठेवतो, घरच्यांचं मन निवेपर्यंत. हे तुला मी मांडीवर घेऊन सांगितलंय, तू विसरली नव्हतीस. तुझा राग मोठा होता, इतकंच. पण त्याने जायचं कसं? अख्खं गाव तोंडाकडे बघत असलं तर माणूस निघेल कसा? आणि मी रोज पीठ आणायला त्याच रस्त्याने जाते.

म्हणून मी झाकलं. गावात तेवढी उंच शिडी एकच, ठाण्यातली. मी मागायला गेले नव्हते. सार्जंट स्वतः रस्ता ओलांडून घेऊन आला आणि म्हणाला, "नॅन, जपून चढा हं." तू कोपऱ्यावरून ओरडलीस, "त्यांच्या शिडीवर, नॅन?" मी ऐकलं. उत्तर दिलं नाही. खाली तो शिडी धरून उभा होता, आणि त्याच्या देखत मी माझ्या नातीशी भांडणार नव्हते. वळून बघेपर्यंत तू बॅग उचलली होतीस.

आता हे नीट वाच. तो चुना नव्हता.

ती तळ्याकाठची पांढरी माती होती. माझ्या आजीच्या घरात नवरा गेलेली बाई ही माती डोक्यावर थापायची, टोपीसारखी, मान मोडेल इतकी जड. दुःख सरलं की ती टोपी त्याच्या थडग्यावर ठेवून यायची. तशी टोपी करायची तर माती आधी विस्तवात भाजतात. मग कालवली की दगड होते. मी भाजली नाही. वाळवली, चाळली, पाण्यात कालवली आणि लावली. न भाजलेली माती पाण्याने निघून जाते, खालच्या रंगाला धक्का न लागता. एक बोट ओलं करून लावलं असतंस तर मामाची भुवई दिसली असती.

अक्षरांना मी हात लावला नव्हता. त्यांच्यावर राखाडी रंग कौन्सिलने मारला, तू गेल्यानंतर.

आणि शिडी मी परत केलेली नाही. कोंबड्यांच्या खुराड्याला टेकून उभी आहे. दोनदा मागायला आले. मी म्हटलं, माझा मुलगा आणून द्या आणि शिडी घेऊन जा. तिसऱ्यांदा आले नाहीत.

नॅन


पेलिकन बेंड, २८ ऑगस्ट

टॅनिका,

तुझं कार्ड मिळालं. पुढे ट्रामचा फोटो, मागे एक ओळ. "मग दोन वर्षांत एकदाही पाऊस पडला नाही का, नॅन?"

इतक्या दिवसांनी नातीची एक ओळ येते आणि तीही उलटतपासणी. माझ्यावर गेलीस.

इकडे वारा फार आहे. परवा लाल धुळीने दुपारीच दिवे लावायला लागले. पर्लच्या परसातला पत्रा उडून चर्चच्या अंगणात पडला, आणि पाद्री तो परत द्यायला आला तेव्हा पर्ल म्हणाली, राहू द्या, देवाला लागेल. तुझ्या आईने ब्रोकन हिलहून मला नवा चष्मा पाठवलाय. त्यातून सगळं स्वच्छ दिसतं. मला त्याची गरज नव्हती.

तव्यावर पिठाचे जॉनीकेक भाजले होते. तुझ्या वाटणीचे कुत्रीने खाल्ले.

पडला. पाऊस पडला.

गेल्या वर्षी मार्चमध्ये, एका संध्याकाळी, पत्र्यावर खडे टाकावेत तसा. सगळी माणसं रस्त्यावर आली. भिजायला आली होती, पण मग उभीच राहिली, कारण गोदामावरून पांढरं ओघळत होतं आणि आधी कपाळ आलं, मग एक डोळा. ठाण्यातल्यांनी खिडकीचा पडदा ओढला.

दुसऱ्या दिवशी भिंत पांढरी होती. लोकांना वाटलं कौन्सिलने केलं. कौन्सिलला वाटलं पोलिसांनी केलं. पर्लला काही वाटण्याचा प्रश्न नव्हता, शिडी तिनेच धरली होती.

"व्हर्ना, खाली उतर," ती म्हणत होती. "पाऊस येऊन गेला. याचा अर्थ तुला कळतो."

"पावसाला काय कळतंय? चौकशी संपलेली नाही अजून."

"चौकशीचा आणि मातीचा संबंध काय?"

"तू शिडी धर."

"धरलीय. डॉक्टर म्हणाला होता जड काही धरू नका."

"मी कुठे जड आहे?"

"तू नाहीस. तुझं डोकं आहे."

चौकशीचं कारण खोटं नव्हतं. माणूस कसा गेला हे ठरल्याशिवाय त्याला निरोप कसा देणार? यंदाच्या जूनमध्ये ते संपलं. तू आली नाहीस, तुझ्या आईने तुला सांगितलं असेलच. कोर्टात आम्ही खाली बाकावर बसलो होतो. वर बसलेल्या साहेबांनी आधी आमच्या दुःखाबद्दल वाईट वाटल्याचं वाचून दाखवलं, आणि मग कोणाचीच चूक नव्हती हे वाचून दाखवलं. आवाज दोन्हीला सारखाच. नंतर एका बाईने मला प्लास्टिकची पिशवी दिली. पट्टा, बुटांच्या नाड्या आणि दम्याचा पंप. आत जाताना काढून घेतात ना, ते. पंप अजून भरलेला आहे. मी घरी येऊन एकदा दाबून पाहिला.

म्हणजे जूननंतर मला काही कारण उरलं नव्हतं. तरी जुलैमध्ये वाऱ्याने कपाळावरचे पापुद्रे उडाले तेव्हा मी परत माती आणली. पर्ल पूर्ण वेळ एक शब्द बोलली नाही. तिने न बोलणं हे काय असतं ते तू समजू शकतेस.

तू विचारलंस म्हणून सांगते. झाकलेला असला की तो आत आहे. सकाळी हाका मारल्या की डोक्यावरून चादर ओढून घ्यायचा तसा. उघडला की मग ते चित्र आहे. चांगलं चित्र, पण चित्र.

झालं तुझ्या ओळीचं उत्तर. आता दुसरं कार्ड पाठवलंस तर त्यावर ट्राम नको. मला ट्राम आवडत नाही.

नॅन


पेलिकन बेंड, ५ सप्टेंबर

टॅनिका,

घाईत लिहिते आहे. पोस्टाची गाडी जायच्या आत टाकायचं आहे.

ॲडलेडची चित्रकार ठरल्यापेक्षा आधीच आली. इंग्रिड नाव तिचं. उंच, केस आखूड, हातावर उन्हाचे चट्टे. मंगळवारी स्वतःच आणलेल्या शिडीवर चढून भिंतीवर खडूने चौकोन आखत होती. मी दुकानातून येताना पाहिलं आणि न थांबता घरी आले. तासाभराने ती माझ्या फाटकाशी. आत यायच्या आधी थांबली, हाक मारली, मी ये म्हणेपर्यंत पाऊल टाकलं नाही. कोणीतरी वळण लावलंय तिला.

"मला दुकानात सांगितलं तुमच्याकडे जा म्हणून," ती म्हणाली. "भिंतीवर खडू उमटत नव्हता. म्हणून ओल्या फडक्याने थोडं पुसलं. तर खालून कान निघाला."

मी शेंगा सोलत होते. सोलत राहिले.

"कोणाचा आहे?"

"माझा," मी म्हटलं.

ती पायरीवर बसली आणि माझ्या भांड्यातल्या शेंगा घेऊन सोलायला लागली, न विचारता. वाईट सोलते. "मला सांगितलं होतं भिंत कोरी आहे," ती म्हणाली. "मी त्याच्यावर बोट काढणार नाही. पण मी नाही म्हटलं तर ते दुसऱ्या कोणाला आणतील. सोमवारपर्यंत कंबर धरलीय असं सांगून थांबवू शकते. पुढे नाही."

पर्ल तोपर्यंत येऊन ऐकत होतीच. ती म्हणाली, "कंबर धरल्याचं सोंग करायचं तर लंगडायचं डाव्या पायाने. आणि खुर्चीतून उठताना 'आई गं' म्हणायचं, आधी नाही. चल, शिकवते." दोघी अंगणात फेऱ्या मारत होत्या. कोंबड्या घाबरून खुराड्यात गेल्या. काल ट्रेवरने इंग्रिडला लंगडताना पाहिलं आणि तिच्यासाठी केक नेला.

ती गेल्यावर पर्ल माझ्यासमोर बसली. "आता?"

"आता काय?"

"पांढऱ्या भिंतीवर कोणीही बोट काढेल. पण मेलेल्या माणसाच्या उघड्या डोळ्यांवर, त्याची आई खाली खुर्ची टाकून बसलेली असताना, रंग मारायला ट्रेवरला माणूस मिळणार नाही. सबंध राज्यात मिळणार नाही. घे बादली आणि हो मोकळी."

"मला धुता येत नाही."

"हात मोडलेत?"

"पर्ल, तुला माहीत आहे."

तिला माहीत आहे. आमच्या आईच्या घरात आई झाकते आणि बहिणीची पोर उघडते. आईने उघडायचं नाही. आईच्या हाताने उघडलं तर तो परत फिरतो, मांडीवर येऊन बसतो, आणि मग कुठेच जात नाही. खरं असेल, खोटं असेल. पण माझी मांडी मला माहीत आहे, मी त्याला उठवणार नाही.

त्याला एकच बहीण, तुझी आई. आणि तिला एकच पोर.

शिवाय खालची अक्षरं परत काढावी लागतील, आणि माझं अक्षर तू बघतेच आहेस. दुमजली काढलं तर लोकांना वाटेल पिठाची जाहिरात आहे.

तो कान मी परत झाकलेला नाही. उघडाच आहे. काल दुकानातून येताना त्याच्या खाली थांबले. घसा खाकरला, तेवढाच.

ब्रोकन हिलहून रविवारची बस असते. तुझ्या आईशी मी बोलले आहे. ती तुझ्याबरोबर येईल किंवा तिला सुट्टी मिळणार नाही, दोन्हीपैकी एक. मी कधी कोणाला ये म्हटलेलं नाही. तुझ्या आजोबांनासुद्धा नाही, ते आपणहून आले आणि बसले.

ये.

नॅन


सोमवार, स्वयंपाकघरातून

टॅनिका,

तू झोपली आहेस. मान वाकडी करून, बसमध्ये झोपली असशील तशीच. कुत्री तुझ्या पायांवर आहे. तिला दोन वर्षांनी एवढी ऊब मिळालीय, म्हणून दोघींनाही उठवत नाही. तुझी आई चहा पिऊन माझ्याबरोबर निघाली आहे. हा कागद साखरेच्या डब्याखाली ठेवते. साखर तू घेतेसच.

काल तू उतरलीस आणि माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस. बॅगही खाली ठेवली नाहीस. सरळ गोदामाकडे गेलीस, बोट तोंडात घालून ओलं केलंस आणि भिंतीला लावलंस. मी बस थांब्यावरूनच पाहिलं. नव्या चष्म्यातून स्वच्छ दिसतं असं म्हटलं होतं ना. बोट बघत तू किती वेळ उभी होतीस ते मी मोजलं नाही. घरी येऊन चहा मागितलास, तिथेच आपलं मिटलं असं मी धरून चालते. तू नसशील धरत तर संध्याकाळी भांड. आज दिवसभर काम आहे.

शिडी आम्ही शनिवारीच भिंतीला लावली. नवा सार्जंट दारात येऊन म्हणाला, "ही आमच्या शिडीसारखी दिसते." पर्ल म्हणाली, "सगळ्या शिड्या सारख्याच दिसतात रे बाबा. आम्ही दिसतो ना तुम्हाला, तशा." तो आत गेला.

पाणी डोहातून आणलंय. खोक्यातलं पिण्यासाठी आहे, आणि तुझ्या मामाला बार्काच्याच पाण्याची सवय. हिरवट आहे, वास येतो, चालेल. तोही आंघोळीला गेला की तसाच वास घेऊन यायचा. प्रत्येक घरातून एक बादली येते आहे. मी कोणाला सांगितलं नव्हतं. पर्लने सांगितलं, म्हणजे सगळ्यांना. इंग्रिड कंबर विसरून बादल्या वाहते आहे. पर्ल तिला दोनदा म्हणाली, लंगड.

ट्रेवरचा फोन आला होता. म्हणाला, आंटी व्हर्ना, आधी बोलायला हवं होतंत, याला परवानगी लागते. मी म्हटलं, परवानगी दिलेली आहे, मी दिली. तो येणार आहे म्हणे. येऊ दे. मी खुर्ची नेली आहे, आजची आणि उद्याची आणि पुढचीही.

फडक्याखाली जॉनीकेक आहेत. खाऊन ये. उपाशी पोटी शिडीवर चढायचं नाही.

वरून सुरू कर, केसांपासून, म्हणजे ओघळ खाली धुतला जाईल. घासू नकोस. ओलं फडकं ठेवायचं, थांबायचं, उचलायचं. आपली माणसं खाली उभी राहून गातील, तू वर बघून काम कर. नाव तू घे, सगळ्यांत आधी, मोठ्याने. मी इतके दिवस ते तोंडात धरून ठेवलंय, माझ्याकडून नीट बाहेर पडणार नाही. तू घेतलंस की बाकीचे घेतील. मग मी.

मग अक्षरं. तीच. एकही बदलू नकोस.

डोळे मात्र शेवटी ठेव. तिथे पोचलीस की मला हाक मार आणि थोडी थांब, मला रस्ता ओलांडायला वेळ लागतो. ते ठाण्याच्या दाराकडे बघतात, तू तसेच काढलेस आणि तसेच बरोबर आहेत. मी त्या दाराच्या पायरीवर जाऊन उभी राहणार आहे.

म्हणजे उघडले की आधी मी दिसेन.

नॅन